बावखलापलीकडची गुणगुण

अस्वलाचं पिल्लू पोट भरलं की स्वतःचा पंजा तोंडात धरून चोखतं आणि चोखताना घशातून एक आवाज काढतं. भुंग्यासारखा म्हणावा तर त्याहून जड. माणसाने तोंड मिटून गुणगुणावं तसा म्हणावा, तर मध्ये श्वास घेतल्याचंही कळत नाही. आईच्या कुशीत दूध पिताना पिल्लं असाच आवाज काढतात म्हणे. आई नसली की पंज्यावर भागवतात. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा हा आवाज आमच्या गिरीज गावच्या वाडीतून रोज तिन्हीसांजेला येत असे. वाडीत अस्वल आहे हे आसपासच्यांत फक्त तिघांना ठाऊक होतं. बाकीच्यांनी त्या आवाजाचा आपापल्या परीने अर्थ लावला. आम्ही तो खोडून काढला नाही, कारण लोक घाबरून लांब राहिलेलेच आम्हाला हवे होते.

त्या पिल्लांची जी हकीकत आमच्या नात्यागोत्यात सांगितली जाते ती चुकीची आहे. खरी हकीकत माहीत असलेला नात्यात आता मी एकटाच उरलो आहे.

मी मुंबईतल्या एका कंपनीत कारकुनी करून वेळेआधीच घरी बसलो होतो. पत्नी वारली होती, मुलगा नायगावला नव्या इमारतीत राहायला गेला होता. वाडीतल्या घरात मी आणि माझी थोरली बहीण, अशी दोघंच होतो. तिला आम्ही सगळे बाय म्हणत असू. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून, माझ्या माहितीप्रमाणे, गप्प बसली नव्हती. माणूस समोर असलंच पाहिजे असं नव्हतं. केळीच्या खुंटापाशी उभी राहून म्हणायची, "काय गो, घड टाकतेस का नुसतीच उंच होतेस?" कोंबड्यांना सासूसारखी बोलायची. पंप बंद पडला तर पंपाशी भांडायची. आमच्या कुंपणापलीकडे एका ख्रिस्ती शेजाऱ्याची पानवेलीची वाडी होती. तो मला विचारायचा, "तुजी बाय झोपते तरी कवा? का झोपेत पन रेडिओ चालूच?"

उमेळ्याला जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरबाई आमच्या म्हशीला बघायला येत. एका दुपारी त्या टेम्पोतून आल्या. मागे केळीची पानं पसरून त्यावर दोन काळे गोळे ठेवलेले. हायवेवर एका दरवेश्याच्या पोत्यात ही दोन पिल्लं सापडली होती. आईला मारून पिल्लं उचललेली असणार, असं त्या म्हणाल्या. एक नर, एक मादी. नराच्या नाकाच्या शेंड्याला तापलेल्या दाभणाने भोक पाडून त्यात दोरी ओवली होती. नाचवायच्या अस्वलाची ती पहिली तयारी. जखम पिकली होती. मादीचं नाक अजून शाबूत होतं.

"काका, तुमची मागची बाजू रिकामीच आहे ना? बावखलापलीकडची?"

बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी धरून ठेवायला जुन्या लोकांनी खणलेलं. आमच्या बावखलाच्या पलीकडे रानभेंडीची आणि चिंचेची झाडं आणि केवड्याचं रान होतं. वडील गेल्यापासून तिकडे कोणी फिरकत नव्हतं. डॉक्टरबाईंना अशीच जागा हवी होती. सरकारी पिंजऱ्यात ठेवलं की लोक बघायला येतात, शिट्ट्या मारतात, बिस्किटं फेकतात. या पिल्लांना मोठी करून परत जंगलात सोडायचं होतं. वनखात्याची तोंडी परवानगी होती, बाकीचं होत राहिलं असतं.

मग त्यांनी आम्हा दोघांना ओटीवर बसवून नियम सांगितले. पिल्लांसमोर तोंड दाखवायचं नाही. जाताना डोक्यापासून पायापर्यंत काळी घोंगडी पांघरायची, दोघांनी एकच वापरायची आणि ती धुवायची नाही. नाव ठेवायचं नाही. आणि बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही.

"ही पोरं माणसाच्या आवाजाला लागली ना आत्या, की संपलं. जंगलातून हाक ऐकून गावात येणार. लोक दगड घालणार. त्यापेक्षा मग मीच त्यांना जन्मभर पिंजऱ्यात ठेवीन."

"मंग मी काय करू? मुकी होऊ?"

"हो."

"किती दिस?"

"ती जाईपर्यंत."

बाय मोठ्याने हसली. "अगो, म्हशीला बघायला येतेस आनि मलाच दावनीला बांधतेस!"

पण तिने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी घोंगडी घेऊन बावखलाच्या कडेला पोचल्यावर तिने जे ओठ मिटले, ते परत अंगणात येईपर्यंत उघडले नाहीत. मी लांबून बघत होतो. पिल्लाने तिच्या बोटाला चावा घेतला तरी ती नुसती मान खाली घालून बसली. घरी आल्यावर मात्र तासभर थांबली नाही. सगळं साठवून आणलेलं.

आता कुकाऱ्याचं सांगतो. वाडीत केळी उंच, पानवेलींचे मांडव दाट. चार हातांवरचं माणूस दिसत नाही. म्हणून आत शिरणारा 'कूऽऽ' अशी एक लांब हाक देतो आणि आत कोणी असेल तर तसंच उत्तर देतो. आमच्या वडिलांची त्यात आणखी एक शिस्त होती. बावखलापलीकडे जाताना, तिकडे कोणी नसणार हे पक्कं ठाऊक असलं तरी, कुकारा दिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. "जे असेल ते बाजूला होतं," म्हणायचे. काय असेल, ते कधी सांगितलं नाही. आम्ही साप समजायचो. श्रावणी सोमवारी वडिलांचं मौन असे, पण त्या दिवशीही ते कुकारा देऊनच वाडीत शिरत. त्याने मौन मोडत नसे. कुकारा म्हणजे बोलणं नव्हे, हे मला कोणी शिकवलं नाही. ते अंगातच मुरलेलं होतं.

मी पिल्लांशी एक शब्द बोललो नाही. मुळात मी कमी बोलणारा. डॉक्टरबाई बायला म्हणायच्या, "काकांकडे बघा, त्यांना नियम पाळावाच लागत नाही." मला ते आवडायचं. आणि रोज दोन वेळा, दुधाची बाटली नाहीतर नाचणीच्या पेजेची परात घेऊन बावखलाच्या कडेला आलो की, पलीकडे जाण्याआधी मी कुकारा देत होतो. डॉक्टरबाई यायच्या तेव्हा आम्ही कडेपर्यंत बरोबर जायचो, तोवर त्या आमच्याशी हळू आवाजात बोलत असायच्या, मग कुकाऱ्याची गरजच पडत नसे. बायच्या कानावर तो रोज पडत असणार. पण कावळ्याची कावकाव जशी पडते, तसाच. ती स्वतः मात्र तो देत नव्हती. तिने मौन धरलं ते सगळंच धरलं.

नर वाचला नाही. नाकाची जखम आत गेली. चिंचेखाली डॉक्टरबाईंनी त्याला पुरलं, घोंगडी पांघरूनच, न बोलता. त्या संध्याकाळी मी ओटीवर बसलो होतो. बावखलापलीकडून गुणगुण सुरू झाली. आधी एक आवाज. मग त्यात दुसरा मिसळला, किंचित खालच्या पट्टीतला, पाण्याच्या दुसऱ्या अंगाकडून. मी बायकडे पाहिलं. तिने सुपातले तांदूळ निवडायचे थांबवले होते.

"दोन हायत," ती म्हणाली.

"पाण्यावरून आवाज परत येतो."

"काल पन पानी होतंच की."

काल दोन पिल्लं होती, म्हणून आपण मोजले नाहीत, असं मी मनाशी म्हटलं. पण त्यानंतर जितके दिवस ते अस्वल वाडीत होतं, तितके दिवस तिन्हीसांजेला मला दोन आवाज ऐकू आले. पावसाने बावखल भरून केवड्याच्या मुळांपर्यंत पाणी चढलं तेव्हाही, आणि उन्हाळ्यात तळाचा चिखल भेगाळला, आवाज परत पाठवायला पाणी उरलं नाही, तेव्हाही.

मादी एकटी पडल्यावर खाईना. डॉक्टरबाई म्हणाल्या, जंगलात पिल्लू आईच्या पाठीवर बसून फिरतं, पाठीवरूनच सगळं शिकतं. कुठे खणायचं, कुठे पळायचं. माझी पाठ आधीच गेलेली. बाय काही न बोलता उठली. साठी उलटलेली ती बाई घोंगडीखाली हातापायांवर ओणवी झाली आणि पिल्लू तिच्या पाठीवर चढलं. पुढचे कित्येक महिने, उन्हं कलली की, ती तशीच ओणव्याने बावखलाच्या पलीकडच्या कडेने फिरायची. मी आणून टाकलेल्या वारुळाच्या ढेकळांपाशी थांबायची, हाताने उकरायची, तोंड खाली न्यायची. पिल्लू उतरून तिच्या हाताशेजारी उकरायचं. कुसक्या ओंडक्यातल्या अळ्या फुर्रकन ओढून घ्यायचं. मग पुन्हा पाठीवर. मला ठाऊक होतं की घोंगडीखाली माझी बहीण आहे, तरी झाडांच्या सावल्या लांब झाल्या की माझी नजर त्या आकारावरून हटत नसे. एक काळं अंग, वर दुसरं डोकं, आणि कसलाही आवाज नाही. पाचोळासुद्धा तिने वाजू द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

शेजाऱ्याने ते एकदा पाहिलंच. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आला, पण नेहमीसारखा तारेवर हात टेकून उभा राहिला नाही.

"तुमच्या बावखलापाशी काय फिरते?"

"आजारी जनावर ठेवलंय. डॉक्टरबाईंचं."

"त्याला दोन डोकी हायत."

"तुला भास झाला."

"आनि गाते कोन? रोज सांजेला आमच्या घरी तेर्स, माळेची प्रार्थना चालू असते, तवाच. माजी बायको माळ सोडून उठते." तो हसायचा प्रयत्न करत होता. "फादरना बोलावू काय, पानी शिंपडायला?"

"बोलाव. मी आमच्या भटजींना बोलावतो. दोघांचं मिळून काय ते होऊ दे."

तो हसला. पण त्या वर्षी त्याने कुंपणालगतची पानं खुडलीच नाहीत. पिवळी पडून गेली.

पिल्लू वाढलं. डॉक्टरबाईंच्या माणसांनी पलीकडच्या बाजूला जाळी आणि पत्रे ठोकून मोठा घेर केला होता. आता तिला पाठीवर घेणं कोणाला शक्य नव्हतं. काळे केस लांब झाले, छातीवर पांढरा पट्टा उमटला, नखं माझ्या बोटाएवढी झाली. वारूळ टाकलं की ती स्वतः फोडायची. आम्ही दिसलो की ती चिंचेवर चढायची आणि वरून फुत्कारायची. डॉक्टरबाई खूश होत्या. अजून एक पावसाळा, म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दाट धुकं होतं. आमचा पंप जळाला होता आणि मला शेजाऱ्याकडून पाइप हवा होता. मी बावखलाच्या अलीकडच्या कडेला उभा राहून त्याच्या बाजूला तोंड करून कुकारा दिला. त्याच्या वाडीतून त्याचं उत्तर आलं, कूऽऽ. लगेच पलीकडून गुणगुण सुरू झाली. ती कधीच सकाळी गुणगुणत नसे. पोट भरल्याशिवाय तर नाहीच.

मी वळून पाहिलं. धुक्यात जाळीपाशी घोंगडी पांघरून कोणीतरी उभं होतं. दोन पायांवर, ताठ, हात छातीशी धरून. मला वाटलं बायच आहे, आणि मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाय माझ्या मागून, घराकडून, चहाचा कप घेऊन आली.

शेजाऱ्याने परत कुकारा दिला, काय हवंय ते विचारायला जवळ येत. जाळीपाशी उभी असलेली आकृती त्या आवाजाकडे वळली, खाली झाली, आणि शेजाऱ्याच्या कुंपणाच्या बाजूला जाऊन पुन्हा उभी राहिली. तोंड वर. पंजा ओठांशी. गुणगुणत.

मला कळलं. रोज कुकाऱ्यामागोमाग घोंगडी दिसताच ती झाडावर जायची, म्हणून इतके दिवस हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या लेखी माणूस म्हणजे तोंड नव्हतं, शब्द नव्हते. कूऽऽ म्हणजे पेज, दूध, मध. गेलं दीड वर्ष रोज दोन वेळा मीच तिला ते शिकवलं होतं. आणि फक्त माझाच कूऽऽ नव्हे, कोणाचाही.

बाय काहीच बोलली नाही, कारण आम्ही कडेला होतो. माझ्या हातात कप देऊन ती परत गेली. तिला धुक्यात काही दिसलं नव्हतं.

मी डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला पिंजऱ्यात पाठवलं असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. मी स्वतःला समजावलं की अजून काही महिने आहेत, कुकारा बंद केला की ती विसरेल. मग मी घोंगडीची कड दातात धरून पलीकडे जायला लागलो. तरीही कधी कधी तो घशातून निसटायचा. कडेला आलो की आपोआप. माझ्याच तोंडातून निघालेला आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटायचा, आणि त्याला पलीकडून उत्तर यायचं.

पावसाळा संपल्यावर चाचणी झाली. वनखात्याचे एक साहेब, दोन माणसं आणि डॉक्टरबाई. साहेब जाळीपाशी गेले, मोठ्याने बोलले. ती चिंचेवर. टाळ्या वाजवल्या. ती आणखी वर. एकाने केळी पुढे केली, "ये, ये, ये" म्हणाला. ती फुत्कारली आणि फांदी अशी हलवली की तो मागे सरकला. डॉक्टरबाईंनी बायला पुढे बोलावलं.

"आत्या, आता तुम्ही बोला. पहिल्यांदाच. बघू ओळखते का."

बाय जाळीजवळ गेली. तोंड उघडलं आणि तिला शब्दच सुचेनात. बावखलापलीकडे उभं राहून बोलायचं ती विसरून गेली होती. शेवटी म्हणाली, "बरी हायस ना गो?" वरून काही उत्तर नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं ती बायकडे बघत होती. बायच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं, हे मला खात्रीने सांगता येतं.

"काका, तुम्ही?"

"मी काय बोलणार," मी म्हणालो. सगळे हसले.

माझ्या घशात तो होता. एक कूऽऽ, आणि ती झाडावरून उतरून जाळीला लागून उभी राहिली असती. मी गिळला. साहेबांनी मान डोलावली.

तिला विदर्भाकडच्या एका जंगलात नेऊन, आधी काही आठवडे कुंपणात ठेवून, मग दार उघडून दिलं. बायने त्या दिवशी घोंगडी उन्हात टाकली, पण धुतली नाही. तिन्हीसांजेला आम्ही ओटीवर बसलो. बावखलाकडून काहीच आलं नाही. दुसरा आवाजही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला की ती पकडली गेली आहे. मी आणि डॉक्टरबाई दोघं गेलो. बायला उन्हाचं नेलं नाही. डॉक्टरबाई तिथल्या डॉक्टरांबरोबर आत गेल्या आणि मी बाहेर पिंजऱ्याच्या गाडीपाशी एका वनरक्षकाबरोबर उभा राहिलो. तो झालेली हकीकत सांगत होता. पहाटे बायका मोहाची फुलं वेचायला गेल्या होत्या. झाडं लांब लांब, म्हणून एकमेकींना हाका मारत होत्या. हे अस्वल एकीच्या मागे येऊन उभं राहिलं. हल्ला नाही, काही नाही. नुसतं दोन पायांवर उभं, आणि आवाज काढत होतं. बाई किंचाळली, गावातले पुरुष कुऱ्हाडी घेऊन धावले. पुढचा एक पंजा कामातून गेला होता.

"कसल्या हाका?" मी विचारलं.

"ह्या अशा." त्याने तोंडाशी हाताचा पेला धरला आणि हाक दिली.

गाडीत काहीतरी जड हललं. मी तिकडे बघितलं नाही. मग ती गुणगुण सुरू झाली. वनरक्षक म्हणाला, "अरेच्चा! आल्यापासून गप्प होतं." डॉक्टरबाई आत होत्या. त्यांनी हे ऐकलं नाही, आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच की, बायकांच्या हाका ऐकून ती आली.

बायकांच्या. पिल्लांजवळ जाणारी बाई कोण होती? डॉक्टरबाई स्वतः, पंधरवड्यातून एकदा. आणि बाय, रोज.

परत आल्यावर त्या आमच्या ओटीवर बसल्या. रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या.

"आत्या, मी काही म्हणणार नाही. खरं तेवढं सांगा. चाचणीच्या दिवशी ती घाबरून गप्प राहिली असेल. तुम्ही बोलायचात ना तिच्याशी?"

"नाय गो. एक शबुद नाय."

"थोडंसं? लाडाने? तुमचा स्वभाव आहे."

"देवाच्यान नाय." बायने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग रे. तू होतास ना हितं. सांग तिला."

मी चपलांकडे बघत होतो. म्हणालो, "जाऊ दे बाय. आता झालं ते झालं."

डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, माफ केल्यासारखा. बाय माझ्याकडे बघतच राहिली. मग उठून आत गेली.

नात्यात याची गंमत झाली. लग्नाकार्यात कोणीतरी सांगायचंच, की बायच्या तोंडापायी अस्वल जंगलातून परत आलं. पोरं हसायची, मोठी माणसंही. वाईट हेतू कोणाचा नव्हता. बाय सुरुवातीला "मी नाय बोलले रे" म्हणायची, त्यावर जास्तच हसायचे. मग तिने म्हणायचं सोडलं. माणसांशी ती कामापुरतं बोलत राहिली. पण कोंबड्यांना दाणे टाकताना, म्हशीला चारा घालताना, केळीत फिरताना तिचे ओठ मिटलेले असत. पाय न वाजवता चालायची. आपल्याच वाडीत कोणाच्या तरी नियमाखाली असल्यासारखी. मी केळीच्या रांगेतून वळायचो तर ती अचानक समोर उभी असायची, आणि ती तिथे आहे हे मला आधी कळलेलं नसायचं. अशी काही वर्षं गेली. तिच्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी रोज बसलो. रोज सांगायचं ठरवलं. तिने एकदाही विचारलं नाही.

ती गेल्यावर वाडी विकली. बावखल डंपरने बुजवलं.

मध्यंतरी मी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो आणि सगळं सांगितलं. टेबलावर एक कुत्रं होतं, त्याच्या पायाला त्या पट्टी बांधत होत्या. पट्टी बांधायच्या थांबल्या नाहीत.

"चाचणीच्या दिवशी तुम्ही बोलला असतात, तर मी तिला सोडलंच नसतं," त्या म्हणाल्या. "पिंजरा दोन्हीकडून होताच काका. तिला निदान एक हिवाळा जंगल मिळालं. त्याचं मी तुम्हाला काही म्हणणार नाही."

"आणि बायचं?"

"त्याचं म्हणणार." त्यांनी पट्टीची गाठ मारली. "हे काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी आत्यांचं उदाहरण देते. नाव घेत नाही, पण देते. घरातल्या बोलक्या बाईला पिल्लाजवळ जाऊ देऊ नका म्हणून. किती जणींना मी लांब ठेवलं असेल."

मी कुत्र्याच्या पट्टीकडे बघत राहिलो.

"आता तरी बोला की. आता कशाला गप्प?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ते अस्वल अजून जिवंत आहे. तिकडच्या एका बंदिस्त केंद्रात, मोठ्या घेरात ठेवलं आहे. गेली कित्येक वर्षं ते दिवसातून काही वेळा घेराच्या एकाच भिंतीपाशी जाऊन उभं राहतं, तीन पायांवर तोल सावरत, मग दोन पायांवर, आणि गुणगुणतं. खाणं समोर ठेवलं तरी वळत नाही. तिथले लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला आहे. मधून मधून औषधही देतात.

"त्या भिंतीपलीकडे काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या माणसाला प्रश्न कळेपर्यंत वेळ लागला. मग त्या नुसत्या 'हं, हं' करत ऐकत राहिल्या. भिंतीपलीकडे शेतं होती. शेतावरची माणसं बांधावरून एकमेकांना हाका देत. "तिला वेड लागलेलं नाही," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. "तिला जेवायला बोलावलंय असं वाटतंय. रोज. औषध बंद करा आणि तिला दुसऱ्या बाजूला हलवा. आजच."

हलवल्यावर काय झालं ते त्यांनी मला नंतर कळवलं. पहिले काही दिवस ती घेराच्या मधोमध बसून होती, कान टवकारून. मग ठेवलेलं खाऊ लागली. आता झोपते. गुणगुणणं थांबलं आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "या ना एकदा बघायला. मी घेऊन जाते."

मी नाही म्हणालो. तिथे झाडं असणार, वाट असणार, आणि वाटेच्या टोकाशी ती. अशा वाटेवर पाऊल टाकताना माझ्या घशातून काय निघेल, याचा मला भरवसा देता येत नाही. तिच्याकडे आता शांतता आहे. ती तेवढी तरी राहू दे.